ओळंब्याला पोट

कर्वेनगरातली आमची जुनी तीन मजली इमारत पाडली, तिच्या जागी अकरा मजली उभी राहिली, आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही एकदाचे नव्या फ्लॅटमध्ये आलो. बाबा तेव्हा ७९ वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्याला नवं बांधकाम म्हणजे पर्वणीच. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते घराची पाहणी करत. टाइल्सवर नाणं वाजवून बघत, कुठे पोकळ वाजलं की आईला हाक मारत. तिसऱ्या आठवड्यात बाल्कनीच्या दाराशी उभं राहून म्हणाले, "चौकटीला पोट आलंय."

भिंत किंवा चौकट मध्येच फुगली की मिस्त्री लोक तिला पोट आलं म्हणतात. मी पाहिलं, मला ती सरळ दिसली. आईलाही. "तुमची नजर तयार नाही," एवढं बोलून बाबांनी साइटवरच्या सुपरवायझरला वर बोलावून घेतलं. पंचविशीतला मुलगा, नम्र होता बिचारा. "काका, लेझर लावून चेक केलीय."

"लेझर तुझा. ओळंबा माझा."

माळ्यावरची ट्रंक खाली आली. तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळेचा ओळंबा, वरसगावच्या धरणाच्या कामावरचा. बाबा स्टुलावर चढले, आईनं स्टूल धरलं. दोरी चौकटीला लावली, हात सोडला आणि हेलकावे थांबायची वाट बघत आम्ही चौघं उभे. ओळंबा स्थिर झाला. बाबा बघत राहिले. मग त्यांनी उजवा डोळा मिटला, उघडला. डावा मिटला, उघडला. परत उजवा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

"दोरीलाही पोट आलंय," बाबा म्हणाले.

वजन टांगलेली दोरी वाकत नसते. आमच्या घरात ही गोष्ट त्यांच्याइतकी पक्की कुणालाच माहीत नव्हती. ते स्टुलावरून उतरले, दोरी गुंडाळली आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बाळा तू. काम चांगलं झालंय."

त्याआधीचे चार महिने आम्ही चष्म्यात घालवले होते. पेपर वाचताना मधलीच अक्षरं गाळली जातात, अशी बाबांची तक्रार होती. जवळच्या चष्मेवाल्यानं दोनदा नंबर बदलून दिला, दोन्ही वेळा नवी काच, नवं बिल. डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. पण त्याच्यावर तरी किती खापर फोडणार? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणजे डोळ्यांचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. मी तर शास्त्र शिकलेली, तरीही.

पडद्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांचा ओसीटी काढला. प्रकाशकिरणांनी पडद्याचा उभा छेद दाखवणारी ही तपासणी, पाच मिनिटांत होते, सुई नाही की दुखणं नाही. स्क्रीनवर करड्या रंगाचे थरावर थर दिसत होते. बाबा खुर्ची ओढून पुढे सरकले. "हे तर भरावाचं क्रॉस सेक्शन आहे!" डॉक्टर हसले आणि त्यांनी पेनानं दाखवलं: उजव्या डोळ्यात सगळ्यात खालच्या थराखाली छोटे छोटे उंचवटे, त्यांना ड्रुसेन म्हणतात. डाव्या डोळ्यात त्याच थराच्या खालून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या घुसल्या होत्या आणि द्राव पाझरत होता.

"सीपेज?" बाबांनी विचारलं.

"अगदी तेच."

वयानुसार होणारी मॅक्युलाची झीज, इंग्रजी आद्याक्षरांनी एएमडी. मॅक्युला म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेला पिवळसर ठिपका, पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक कामं त्याच्याकडे. उजवा डोळा कोरड्या प्रकारात, डावा ओल्या. बाबा रिक्षात गप्प होते. डेक्कनचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "माझं काय चुकलं असेल गं?"

या प्रश्नाला मी तिथे काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले, आणि त्याची सुरुवात निघाली माझ्याच टेबलावर.

मी भोसरीच्या एका प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ तपासते. त्यातलं निम्मं आयुष्य तेलं तपासण्यात गेलं. तेल खवट व्हायला लागलंय का, हे नाकाला कळायच्या आधी आम्हाला कळतं. नमुना अ‍ॅसिटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, त्यात पोटॅशियम आयोडाइड घालून मिनिटभर अंधारात ठेवायचा. तेलात पेरॉक्साइड तयार झाले असतील तर ते आयोडिन मोकळं करतात. मग पाणी घालायचं, स्टार्चचे थेंब टाकायचे, द्रावण निळंजांभळं होतं. आणि ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत तो निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. जितके जास्त थेंब, तितकं तेल बिघडलेलं. हजारो वेळा केलंय मी हे.

तेल खवट का होतं? ऑक्सिजन, प्रकाश आणि उष्णता यांच्यामुळे. त्यातही ज्या तेलाच्या रेणूत दुहेरी बंध जास्त ते आधी बिघडतं. शेंगदाण्याचं तेल बरंच दम धरतं. जवसाची चटणी मात्र आई कधी आठ दिवसांपेक्षा जास्त पुरेल एवढी करत नाही, कारण जवसातल्या ओमेगा-३ मेदाम्लात तीन दुहेरी बंध असतात. आणि आपल्या डोळ्यातल्या प्रकाशपेशींचे पापुद्रे ज्या मेदानं खच्चून भरलेले असतात, त्या डीएचएमध्ये किती? सहा.

हे वाचलं तेव्हा मी खरोखर हातातला पेला खाली ठेवला. जे तेल मी कुठल्याही कंपनीला काळ्या बाटलीत, थंड जागी, हवाबंद ठेवायला सांगितलं असतं, ते निसर्गानं ठेवलंय कुठे, तर जिथे दिवसभर भिंगातून गोळा केलेला प्रकाश पडतो तिथे. अंग ३७ अंशांवर तापलेलं. आणि ऑक्सिजन? वजनाच्या मानानं पडद्याइतका ऑक्सिजन खाणारे ऊतक शरीरात फार थोडे. खवट होण्याची तिन्ही कारणं एका जागी, तीही सत्तर-ऐंशी वर्षं. बाबांचा डोळा बिघडला याचं नवल करावं की इतकी वर्षं टिकला याचं, हे मला कळेना.

आत जे घडतं ते आमच्या तेलात घडतं तसंच. ऊर्जा तयार करताना पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांतून थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. प्रकाशानंही असे उतावीळ रेणू तयार होतात. त्यातल्या फ्री रॅडिकल्सना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजाऱ्याकडून हिसकावतात. ज्याचा गेला तो पुढच्याकडून घेतो. दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सगळ्यात सहज सुटतो, म्हणून मेदाचा पापुद्रा या लुटालुटीत पहिला सापडतो. ई जीवनसत्त्व स्वतःचं देऊन ही साखळी तोडतं, मग सी जीवनसत्त्व त्या ई-ला पुन्हा उभं करतं. शरीराची स्वतःची विकरंही असतात. तरुणपणी हा बंदोबस्त पुरतो. वय वाढतं तशी लूट वाढते आणि बंदोबस्त ढिला पडतो. या तफावतीलाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. याला सर्रास 'शरीराला गंज चढणं' म्हणतात ते मला पटत नाही. गंज वापरात नसलेल्या वस्तूला चढतो. इथे जे बिघडतं ते न थांबता काम करण्यामुळे.

आणि काम तरी केवढं! १९६७ साली रिचर्ड यंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं किरणोत्सर्गी खुणेची अमिनो आम्लं प्राण्यांना देऊन दाखवलं, की प्रकाशपेशीचा टोकाचा भाग सतत बुडाकडून नवा बनत असतो. दोनच वर्षांत त्यानं आणि डीन बॉकनं पुढचा भाग दाखवला: जुनी झालेली टोकं गळून पडतात आणि खालच्या थरातल्या पेशी ती गिळून पचवतात. रोज साधारण दहावा हिस्सा. म्हणजे दहाएक दिवसांत अख्खी टोकं नवी. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी हा कचरा सकाळी उजेड झाल्या झाल्या टाकतात. पुण्यात घंटागाडी यायच्या वेळेला डोळ्यांतही घंटागाडी येते म्हणायची.

हा कचरा उचलणारा थर म्हणजे आरपीई, गडद रंगाच्या पेशींची एकेरी फरशी. एकेका पेशीच्या डोक्यावर तीसेक प्रकाशपेशी. त्यांना पोसायचं, त्यांची टाकलेली टोकं पचवायची, अ जीवनसत्त्वाचा रेणू दुरुस्त करून परत द्यायचा, सगळं तिच्याकडे. त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात. आरपीईच्या पेशी मोठेपणी सहसा विभागतच नाहीत. जन्माच्या वेळी जी बाई कामाला लागली तीच ऐंशीव्या वर्षी तिथे उभी, रजा नाही, बदली कामगार नाही. जो कचरा पचत नाही तो तिच्याच पोटात साठतो. या पिवळट करड्या साक्याला लायपोफ्युसिन म्हणतात. त्यातला एक घटक, ए-२-ई, निळा प्रकाश पडला की स्वतःच आणखी उतावीळ ऑक्सिजन तयार करतो. म्हणजे साठलेला कचरा नुसता पडून राहत नाही, धुमसतो.

हे सगळं मी एका रविवारी बाबांना सांगत होते. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले.

"गाळ," ते म्हणाले. "सरळ गाळ म्हण ना."

मग तासभर तेच बोलले. धरण बांधताना पहिल्याच दिवशी माहीत असतं की ते गाळानं भरणार. पाणी अडवायचं म्हटलं की गाळ अडलाच. म्हणून तळाशी काही जागा आधीच सोडून देतात, तिला मृत साठा म्हणतात, तिचं पाणी हिशेबात धरतच नाहीत. "पण गाळ आपलं ऐकून तळाशीच बसतो का? तो वरच्या अंगाला, उपयुक्त साठ्यातच आधी बसतो. तसंच आहे हे. कडेला बसला असता तर माझं काय बिघडत होतं? नेमका मधोमध बसलाय."

ड्रुसेन म्हणजे तोच गाळ, फक्त फरशीच्या खालच्या अंगाला. त्या फरशीखाली ब्रुखचा पडदा नावाची पातळ गाळणी असते, तिच्यापलीकडे रक्तवाहिन्यांचं जाळं. वयानुसार त्या गाळणीत मेद साठतो, ती तुंबते. रक्तातलं पोषण वर येईना, वरचा कचरा खाली जाईना. मातीच्या धरणातला फिल्टर चोंदला की काय होतं हे बाबांना समजावायची गरज नव्हती. "दाब वाढतो आणि पाणी नको तिथून वाट काढतं." डाव्या डोळ्यात घडलं ते जवळपास असंच. अडचणीत सापडलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या रक्तवाहिन्या मागवतात. त्या येतात पण ठिसूळ, झिरपणाऱ्या.

त्यात पेशींचं म्हातारपण येतं ते वेगळंच. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी प्रयोगशाळेत चाळीस-साठ वेळा विभागतात आणि थांबतात. पण आरपीई तर विभागतच नाही, मग ती म्हातारी कशी होते? तर सततच्या माऱ्यानंही पेशी त्याच अवस्थेत जाऊ शकते. अशी पेशी मरत नाही, धड कामही करत नाही, आणि भोवती दाह पेटवणारी रसायनं सोडत बसते. शेजारच्या धडधाकट पेशीही त्यानं बिघडतात.

"कामावर नाही, पण मस्टरवर आहे," बाबा म्हणाले. "आणि वर इतरांना चिथावतोय. आमच्या डिव्हिजनला होते असे दोघं."

निदान झाल्याच्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर गाजराचा रस, त्रिफळा, कुठल्याशा फळाचं सरबत, सगळं येऊन गेलं. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आता हळदीच्या पाकिटापासून फेसवॉशपर्यंत कुठेही चिकटवतात. रोज पेरॉक्साइड मोजणाऱ्या माणसाला याचा संताप येतो. फ्री रॅडिकल्समुळे म्हातारपण येतं ही कल्पना १९५६ साली मांडली डेनम हार्मननं, आणि तो डॉक्टर होण्याआधी बरीच वर्षं एका तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होता, हे कळल्यावर मला तो एकदम आपल्यातला वाटला. पण त्याच्या कल्पनेवरून 'मग अँटिऑक्सिडंट खा आणि तरुण राहा' इथे उडी मारणं हा निव्वळ धंदा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र एक चोख हिशेब झालेला आहे. अमेरिकेत एआरईडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, २००१ साली त्याचे निष्कर्ष आले. सी ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, बीटा कॅरोटिन, ८० मिलिग्रॅम झिंक आणि थोडं तांबं. मधल्या टप्प्यावरच्या रुग्णांत आजार पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शानं कमी झाली. पाव हिश्शानं, बस्स. गेलेली नजर परत आली नाही, आणि ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता त्यांना फायदा दिसला नाही. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर बीटा कॅरोटिन काढून ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घातलं, कारण बीटा कॅरोटिननं विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत, सोडून दिलेल्यांतही, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. ओमेगा-३ च्या जादा गोळ्यांनी काहीच फरक पडला नाही.

बाबांनी साइटवर वीस वर्षं विड्या ओढल्या, १९९१ साली सोडल्या. म्हणून मी औषधाच्या दुकानात चष्मा लावून लेबलं वाचत उभी राहिले. पहिल्या डबीत बीटा कॅरोटिन होतं, दुसरीत झिंकचा आकडा नावापुरता. तिसरी डॉक्टरांना दाखवून घेतली. ल्युटीन हे मॅक्युलाच्या पिवळेपणाचंच द्रव्य, निळा प्रकाश गाळणारं. ते पालक, मेथी, शेपू, मका, अंड्याच्या पिवळ्या बलकातही असतं, आणि मेदात विरघळत असल्यानं तेलाच्या फोडणीबरोबर अंगी लागतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय इतकी वर्षं भाजी उकडून वाढत होते?"

डाव्या डोळ्याला इंजेक्शन. ओळखीच्या प्रत्येकाला डोळ्यात सुई म्हटलं की घाम फुटतो. प्रत्यक्षात भूल देणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडिननं डोळा धुणं, आणि बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटरवर बारीक टोचणी, सेकंदाचं काम. औषध व्हीईजीएफला धरून ठेवतं, झिरपणं थांबतं. सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन, पुढे पडदा बघून.

दुसऱ्या खेपेला वेटिंगमध्ये आमच्या शेजारी एक जोडपं होतं, आईच्या मांडीवर टोपड्यातलं इवलंसं बाळ. दिवसांआधी जन्मलेलं, पडदा तपासायला आणलेलं. १९४० ते १९५० च्या दशकांत अशा बाळांना जगवायला पेटीत भरपूर ऑक्सिजन देत, आणि हजारो मुलं आंधळी झाली. जादा ऑक्सिजननं कोवळ्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबते, आणि नंतर उपाशी पडदा वेड्यावाकड्या वाहिन्या मागवतो. आज ऑक्सिजन मोजून देतात, वेळेवर तपासलं तर लेसरनं किंवा व्हीईजीएफ रोखणाऱ्या अशाच इंजेक्शननं पडदा वाचतो. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी त्या बाळाच्या बापाला विचारलं, "कितव्या महिन्यात झालं?" मग दोघं बराच वेळ बोलत बसले, एकाच तक्रारीवरचे दोन पेशंट असल्यासारखे.

माझं काय चुकलं, याचं उत्तर मी शेवटी त्यांना दिलं, जमेल तसं. विड्यांचा वाटा असणार, तो मी लपवला नाही. उरलेलं वयाचं आणि वारशाचं. २००५ साली सापडलं की दाहाला आवर घालणाऱ्या एका जनुकाचं, सीएफएचचं, ठरावीक रूप असलेल्यांत हा आजार जास्त होतो. बाबांची जनुकं आम्ही तपासली नाहीत, तपासून उपचारात फरक पडणार नव्हता. पण बाबांना वाईच्या आक्का आठवल्या. त्यांच्या थोरल्या बहीण. शेवटची काही वर्षं त्या म्हणायच्या, माणसांची तोंडं पुसल्यासारखी दिसतात. सगळ्यांनी मोतीबिंदू म्हणून सोडून दिलं. "आम्ही तिला म्हणायचो, तू मुद्दाम ओळख दाखवत नाहीस," बाबा म्हणाले आणि उठून बाल्कनीत गेले.

आता फ्रिजवर चुंबकानं एक चौकोनी कागद लावलाय. स्विस डॉक्टर मार्क अ‍ॅम्स्लरनं १९४० च्या दशकात आणलेला, उभ्या-आडव्या रेषांचा आणि मधे ठिपक्याचा. रोज एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकली, तुटली, कुठे डाग दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे. बाबांनी त्यासाठी वही घातली आहे, अगदी साइटवरच्या मोजमाप पुस्तकासारखी. दिनांक, डोळा, रेषा, शेरा. मोजमाप पुस्तकाचा नियम असा की खोडरबर चालत नाही. चुकलं तर एका रेघेनं काटायचं, वर दुरुस्ती लिहायची आणि शेजारी सही करायची.

तिसऱ्या इंजेक्शननंतर डाव्या डोळ्यातला द्राव ओसरला. त्या आठवड्यातलं पान मी परवा उघडून पाहिलं. अक्षर मोठं, थोडं तिरकं गेलेलं. 'उजवा : ठीक. डावा : मधली उभी रेषा सरळ आहे.' त्यातला 'आहे' एका रेघेनं काटलेला, वर 'दिसते' लिहिलेलं, आणि शेजारी त्यांची बारीक सही.